गणितासाठी संगणक घेताना

भोसरीपासून चाकणपर्यंत मोटारींचे सुटे भाग घडविणारे कितीतरी लहान कारखाने आहेत. पोलाद कापण्याआधीच साच्यावर ताण कोठे येईल हे गणिताने पाहावे, असे एखाद्या मालकाने मनात आणले, तर त्याला संगणक लागतो. दुकानदार म्हणतो, "सर्वांत महाग तो घ्या." पण कर्ज काढून आणलेले यंत्र गणितालाच अपुरे पडले तर? म्हणून आधी आपले गणित मोजावे.

गुरुजी, हे फळ्यावर मांडून दाखवा. ५०,००० ओळी आणि तितकेच स्तंभ असलेले कोष्टक घ्या. आकडे झाले २५० कोटी. अचूक गणितात एक आकडा ८ बाइट जागा घेतो. म्हणजे एकूण २० गीगाबाइट. १६ गीगाबाइट मेमरीच्या यंत्रात हे मावणारच नाही. मग यंत्र आकडे डिस्कवर ठेवील आणि पुन्हापुन्हा आणील. घरात जागा नाही म्हणून शेजारगावाहून पायली-पायलीने धान्य आणण्यासारखेच ते! साच्याच्या गणितात पुष्कळ घरे शून्याची असतात; ती गाळणारा प्रोग्रॅम घेतला तर जागा वाचते. तरीही पहिला पैसा मेमरीवर घालावा.

दुसरी गोष्ट ग्राफिक्स कार्डाची. खेळांसाठी केलेली पुष्कळशी कार्डे झटपट खरी, पण दुहेरी अचूकतेच्या गणितात ती फार मंदावतात. आपला प्रोग्रॅम कार्ड वापरतो की नाही, हे आधी विचारावे.

आता स्वस्ताईचे पाहू. १९८० च्या दशकात भारताला हवा तो महासंगणक अमेरिकेकडून मिळेना. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. त्यात एकच बलाढ्य प्रोसेसर नव्हता. अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपले होते. जड मोटेला बैलजोड्या वाढवाव्यात, तसेच हे. मात्र काम वाटता येत असेल, तरच जादा कोअरचा उपयोग. ते तसे असेल, तर जुने पण धड वर्कस्टेशनही गरीब कारखान्याला पुरते.

बैल घेताना आपण तो चालवून पाहतोच ना? तसेच आपले गणित पेनड्राइव्हवर न्यावे, दुकानात सोडवून पाहावे आणि घड्याळ लावावे. शिवाय वीज जाते, तेव्हा यूपीएसचे पैसे आधीच बाजूला काढावेत. मग सौदा करावा.