अमेरिकेतील स्थायी निवासी दर्जा : स्थलांतरितांना होणारे लाभ व त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी व विज्ञान शाखांचे अनेक पदवीधर उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत जातात आणि त्यांपैकी काही तेथेच नोकरी स्वीकारतात. त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा बऱ्याच अंशी ‘ग्रीन कार्ड’ या नावाने परिचित असलेल्या स्थायी निवासी दर्जावर अवलंबून असते. हा दर्जा म्हणजे नागरिकत्व नव्हे आणि केवळ दीर्घ मुदतीचा व्हिसाही नव्हे. प्रस्तुत लेखात त्याचे लाभ व मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी

भारतीयांना हा मार्ग सहजासहजी खुला झाला नाही. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविले. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने ही अपात्रता दूर झाली. मात्र भारतासाठी वार्षिक कोटा अवघा १०० व्यक्तींचा होता. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रीय मूळावर आधारित कोटापद्धती रद्द केली. १९९० च्या कायद्याने रोजगाराधारित स्थायी निवासासाठी वर्षाला सुमारे १,४०,००० जागा निश्चित केल्या. अर्जदाराचे पती, पत्नी व अपत्ये यांची गणनाही याच संख्येत होते.

स्थायी निवासाचे लाभ

१) रोजगाराचे स्वातंत्र्य : एच-१बी व्हिसाधारकाचे वास्तव्य त्याच्या नोकरीशी बांधलेले असते. नोकरी बदलताना नव्या मालकाला स्वतंत्र अर्ज करावा लागतो. नोकरी गेल्यास जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. स्थायी निवासी व्यक्ती मालक बदलू शकते, स्वतःचा व्यवसाय सुरू करू शकते किंवा काही काळ नोकरीविना राहू शकते. वास्तव्याचा हक्क नोकरीला नव्हे, तर व्यक्तीला प्राप्त होतो, हा या दर्जाचा सर्वांत मूलगामी लाभ होय.

२) कुटुंबाचे स्थैर्य : व्हिसाधारकाच्या अपत्याचा आश्रित दर्जा वयाच्या २१ व्या वर्षी संपतो. बालपणापासून अमेरिकेत वाढलेल्या मुलालाही त्यानंतर वेगळा व्हिसा शोधावा लागतो. स्थायी निवास मिळालेल्या अपत्याचा दर्जा मात्र वयामुळे संपुष्टात येत नाही. तसेच स्थायी निवासी व्यक्तीला पती, पत्नी व अविवाहित अपत्यांसाठी अर्ज करता येतो.

३) शिक्षण व सामाजिक सुरक्षा : स्थायी निवासी विद्यार्थी संघराज्य शासनाच्या शैक्षणिक अर्थसाहाय्यास पात्र ठरू शकतो. १९७१ च्या ग्रॅहम विरुद्ध रिचर्डसन खटल्यात, केवळ परकीयत्वाच्या कारणावरून घटकराज्यांना कल्याणकारी साहाय्य नाकारता येणार नाही, असा निर्णय झाला. तथापि १९९६ च्या कायद्याने संघराज्याच्या अनेक योजनांसाठी पाच वर्षांच्या प्रतीक्षेची अट घातली.

४) नागरिकत्वाविषयीचा पर्याय : सामान्यतः पाच वर्षांनंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, तो करण्याचे बंधन नाही. भारतात दुहेरी नागरिकत्वास मान्यता नसल्याने ही बाब भारतीयांना महत्त्वाची ठरते. स्थायी निवासी व्यक्तीचे भारतीय पारपत्र कायम राहते. २०१० च्या दुरुस्तीनुसार अनिवासी भारतीय नागरिकाला आपल्या मतदारसंघात स्वतः उपस्थित राहून मतदानही करता येते.

मर्यादा

स्थायी निवासी व्यक्तीला संघराज्याच्या निवडणुकांत मताधिकार नाही. विशिष्ट गुन्ह्यांसाठी तिला देशाबाहेर काढता येते. पुनर्प्रवेशाच्या परवान्याविना एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिल्यास दर्जा गमावण्याचा धोका असतो. वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठी मायदेशी परतणाऱ्यांना ही अट विशेष जाचक ठरते.

याहून मोठी अडचण म्हणजे दर्जा मिळण्यास होणारा विलंब. कोणत्याही एका देशाला साधारणतः वार्षिक जागांच्या ७ टक्क्यांहून अधिक हिस्सा मिळत नाही. भारतीय अर्जदारांची संख्या मोठी असल्याने रोजगाराधारित मुख्य प्रवर्गांत त्यांची प्रतीक्षा दहा वर्षांहूनही लांबते. २००२ च्या बालदर्जा संरक्षण कायद्याने अर्जाच्या छाननीतील काळ अपत्याच्या वयातून वजा होतो. जागेच्या प्रतीक्षेतील वर्षे मात्र वजा होत नाहीत. परिणामी, पालकांची पाळी येण्यापूर्वीच अपत्य अपात्र ठरण्याची शक्यता राहते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, स्थायी निवासाचे मूल्य केवळ सोयीसवलतींच्या यादीत नाही. नोकरीवर विसंबलेले वास्तव्य व्यक्तीच्या हक्कात रूपांतरित होणे, हेच त्याचे मर्म आहे. तो हक्क नागरिकत्वाइतका दृढ नाही आणि भारतीयांना तो विलंबाने मिळतो. परदेशगमनाचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना प्राध्यापकांनी लाभांबरोबरच ही प्रतीक्षाही स्पष्ट करणे अगत्याचे आहे.