पक्ष्यांचे छायाचित्रण : पहिली पावले

पक्ष्याचे छायाचित्र घेणे अवघड असते, याची कारणे तीन आहेत. पक्षी आकाराने लहान असतो. तो क्वचितच स्थिर बसतो. आणि माणूस एका ठरावीक अंतराच्या आत आला की तो उडून जातो. पक्षिछायाचित्रणाचा इतिहास म्हणजे बव्हंशी हे अंतर तोडण्याच्या प्रयत्नांचाच इतिहास होय.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दूरचे दृश्य जवळ आणणारी भिंगे दुर्मिळ होती आणि फिल्मही मंद असे. पक्षी हटकून परत येईल अशी एकच जागा छायाचित्रकाराला ठाऊक असे, ती म्हणजे घरटे. घरट्यापासून काही फुटांवर कापडी लपण उभारून तो तासन्‌तास आत बसून राही. ई. एच. एन. लोथर यांच्या भारतातील पक्षिछायाचित्रणावरील १९४९ सालच्या पुस्तकात या पद्धतीचे दर्शन घडते.

परंतु या पद्धतीचा भार पक्ष्यांवर पडे. बुजलेली मादी घरट्यावर परतली नाही, तर अंडी उन्हाने तापतात. चित्र स्वच्छ यावे म्हणून फांदी छाटली, तर तीच वाट कावळ्याला आणि घारीला मोकळी होते. आज ३०० ते ४०० मिलिमीटरचे भिंग आणि अंकीय कॅमेरा हौशी माणसालाही मिळवता येतो. घरट्याजवळ जाण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही आणि अनेक स्पर्धांत घरट्याची छायाचित्रे स्वीकारलीही जात नाहीत. नवशिक्याने प्रारंभीच हा नियम मनाशी बाळगावा : चित्र हुकले तरी चालेल, पण पक्ष्याची वीण हुकता कामा नये.

दक्षिण भारतात या छंदाची मोठी परंपरा बंगळुरात निर्माण झाली. टी. एन. ए. पेरुमाळ (१९३२–२०१७) यांनी ओ. सी. एडवर्ड्‌स यांच्या मार्गदर्शनाखाली या क्षेत्रात पाऊल टाकले आणि पुढे स्वतः अनेक तरुणांना घडविले. ई. हनुमंतराव हेही याच शहरातले. कर्नाटकाचे अर्थमंत्रिपद भूषविलेले एम. वाय. घोरपडे हे संडूरच्या मराठा राजघराण्यातील. त्यांच्या कृष्णधवल वन्यजीव छायाचित्रांना देशाबाहेरही मान्यता लाभली.

नवशिक्याने दूरच्या अरण्यात धाव घेण्याची आवश्यकता नाही. लालबागेत किंवा घराजवळच्या तलावाकाठी दिसणारे पक्षी माणसाला सरावलेले असतात. प्रथम कॅमेरा न घेता काही दिवस केवळ निरीक्षण करावे. खंड्या सूर मारून बहुधा त्याच फांदीवर परततो. पिंगळा दिवसा त्याच ढोलीच्या तोंडाशी बसतो. वंचक बगळा भक्ष्य टिपण्यापूर्वी मान हळूहळू पुढे काढतो. या सवयी ज्याला ठाऊक आहेत, त्याला पक्ष्याचा पाठलाग करावा लागत नाही. तो योग्य जागी आधीच बसलेला असतो.

पक्ष्याच्या रोखाने सरळ चालत जाऊ नये. तिरके, थांबत-थांबत जावे आणि खाली बसावे. पक्ष्याने चरणे थांबवून मान ताठ केली की तेथेच थबकावे. सकाळचे कोवळे ऊन पाठीशी असावे, कॅमेरा शक्यतो पक्ष्याच्या उंचीवर असावा आणि भिंग त्याच्या डोळ्यावर केंद्रित करावे. ४०० मिलिमीटरच्या भिंगाने हातात धरून चित्र घेताना १/५०० सेकंदाहून अधिक वेळ झडप उघडी ठेवू नये. उडत्या पक्ष्यासाठी १/१००० ते १/२००० सेकंद लागतात. काळोख्या पाण्यापुढे उभा असलेला शुभ्र बगळा ही मोठी परीक्षा होय. प्रकाशमापक काळ्या पाण्याचा हिशेब करून अधिक प्रकाश आत घेतो आणि बगळ्याची पिसे पांढऱ्या डागासारखी उमटतात. अशा वेळी प्रकाश जाणीवपूर्वक कमी करावा लागतो.

हात बसला म्हणजे कावेरीतील रंगनतिट्टू येथे जावे. सलीम अली यांच्या सूचनेवरून म्हैसूर संस्थानाने १९४० मध्ये त्या बेटांना अभयारण्याचा दर्जा दिला. तेथे नाव पक्ष्यांच्या जवळून जाते, पण बेटांवर पाऊल ठेवता येत नाही. मंड्या जिल्ह्यातील कोक्करे बेल्लूर या गावात तर चित्रबलाक आणि झोळीवाले पेलिकन घरांलगतच्या चिंचेच्या झाडांवर घरटी बांधतात. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना अभय दिले आहे, म्हणूनच पक्षी तेथे माणसाच्या डोक्यावर निर्धास्तपणे पिले वाढवितात. तेथे वाटेवर उभे राहून, झाडाला स्पर्शही न करता, घरट्याचे चित्र घेता येते. लोथरच्या काळातील छायाचित्रकाराला लपणीत बसून जे अंतर तोडावे लागे, ते या गावाने विश्वासाच्या बळावर केव्हाच तोडले आहे. तो विश्वास न ढळू देणे, हे तेथे कॅमेरा घेऊन जाणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.