चोपडा ते ई-बीजक

दिवाळीला चोपडापूजन करणाऱ्या पेढीवर आता वहीशेजारी संगणकही मांडलेला असतो. २०१७-१८ पासून कोणत्याही एका आर्थिक वर्षात ज्या पेढीची उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक झाली, तिला काही अपवाद वगळता १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीचे ई-बीजक अनिवार्य आहे. सॉफ्टवेअरमधून बीजकाचा तपशील शासकीय पोर्टलवर जातो. तेथून ६४ अक्षरांचा संदर्भ क्रमांक आणि क्यूआर कोड परत येतो. असा क्रमांक नसलेले बीजक कायद्याने बीजकच ठरत नाही. खरेदीदाराची कर-वजावट अडकते आणि पिढ्यांचा विश्वास पणाला लागतो.

म्हणून सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी खाती तपासावीत : ग्राहकाचा जीएसटी क्रमांक, पत्ता, पिनकोड, मालाचा एचएसएन कोड. चुकून दुसऱ्याच ग्राहकाचा क्रमांक पडला, तर कर-वजावट त्याच्या नावावर दिसते. पोर्टलवर बीजक दुरुस्त होत नाही. २४ तासांत रद्द मात्र करता येते, आणि तोच बीजक क्रमांक पुन्हा चालत नाही. दिवसाअखेरचा ताळा म्हणूनच आजही टळत नाही.

यंत्र बेरीज चुकत नाही. परंतु चुकीची नोंदही ते तितक्याच तत्परतेने पुढे धाडते. नोंद खरी ठेवणे हे काम पूर्वीप्रमाणेच मुनीमजींचे आणि शेठजींचे.