विश्लेषण : नवी कवळी डब्यात का पडून राहते? त्यातले दात लावतात तरी कसे?

डहाणू-तलासरी पट्ट्यात कवळी करून घ्यायची म्हणजे पैशांबरोबर बुडालेल्या मजुरीचाही हिशेब येतो. एवढे करून आणलेली कवळी हलते, टोचते, बोलताना वाजते आणि काही दिवसांत डब्यात जाते. ‘माप चुकले’ असे म्हणून विषय संपवला जातो. प्रत्यक्षात दात कुठे लावले आणि वरचे-खालचे एकमेकांवर कसे टेकतात, यावरही तितकेच अवलंबून असते. ते तपासण्याची खरी संधी रुग्णाला एकदाच मिळते.

कवळी जागेवर राहते कशी?

वरची कवळी टाळूवर पसरते. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो आणि त्यामुळे ती धरून राहते. खालची मात्र घोड्याच्या नालेसारखी. मध्ये जीभ असल्याने तिला टेकायला वरच्याच्या जवळपास निम्मीच जागा मिळते. त्यात दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घकालीन अभ्यासात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. ‘वरची बसते, खालची बसत नाही’ ही तक्रार म्हणूनच सगळीकडे ऐकू येते.

आपला प्रत्येक दात हाडात स्वतंत्र रुतलेला असतो. पूर्ण कवळीत १४ दात एकाच पट्टीवर असतात. एका बाजूला दाब पडला की दुसरी बाजू उचलते. लहान होडीत सगळे एकाच कडेला बसले तर जे होते, तेच इथे होते.

दातांची जागा कशी ठरते?

आधी दातांच्या जागी मेणाच्या पट्ट्या लावून दोन गोष्टी ठरवतात. पहिली उंची. तोंड सैल मिटलेले असताना वरच्या-खालच्या दातांत साधारण २ ते ४ मिलिमीटर फट राहायला हवी. उंची जास्त झाली तर बोलताना दात आपटतात आणि हिरड्या दुखतात. कमी झाली तर हनुवटी नाकाकडे सरकते, ओठांचे कोपरे चिरतात.

दुसरी गोष्ट जबड्याच्या जागेची, आणि सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो. वर्षानुवर्षे बिनदाताने जेवणाऱ्या माणसाला खालचा जबडा पुढे काढून चावण्याची सवय लागते. त्याच अवस्थेत नोंद घेतली गेली, तर पुढचे सगळे काम चुकीच्या पायावर उभे राहते. जिभेचे टोक टाळूला मागे लावून तोंड मिटायला डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात, ते याचसाठी. त्या वेळी घाई करू नये.

मग लॅबमध्ये जबड्याच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, म्हणजे आर्टिक्युलेटरवर, दात मेणात एकेक करून रचले जातात. पुढच्या दातांची ओळ डोळ्यांच्या बाहुल्यांना समांतर ठेवतात. ओठ सैल असताना वरच्या पटाशीच्या दातांची कड सर्वसाधारणपणे मिलिमीटर-दोन मिलिमीटर दिसते. वयस्कर माणसात त्याहून कमी. खालच्या दाढा हिरडीच्या उंचवट्याच्या मधोमध याव्यात असा प्रयत्न असतो. त्या आत गेल्या तर जिभेला अडचण, बाहेर गेल्या तर गाल चावला जातो आणि कवळी कलंडते.

दाढांची ओळ मुद्दाम किंचित वक्र ठेवतात. उजवीकडे घास चावताना डावीकडचेही काही दात टेकलेले राहावेत, म्हणजे ती बाजू उचलणार नाही, हा त्यामागचा हेतू. हा तोल कोणत्या पाच गोष्टींवर ठरतो, हे रुडॉल्फ हनाऊ यांनी १९२६ मध्ये मांडले. दंतवैद्यकाचे विद्यार्थी ते आजही शिकतात. हाड फारच सपाट झाले असेल तर टोकदार दाढांऐवजी सपाट दाढा घेतात. किंवा वरच्या दाढेचे फक्त आतले टोक खालच्या दाढेच्या खळग्यात टेकेल अशी रचना करतात. खलबत्ता डोळ्यांसमोर आणला की ही रचना कळते.

मेणातल्या ट्रायलला काय पाहावे?

दात मेणात असेपर्यंत हलवता येतात. एकदा अ‍ॅक्रेलिकमध्ये पक्के झाले की थोडे घासण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. मोठी चूक असेल तर दात पुन्हा लावावे लागतात. म्हणून ट्रायलची फेरी टाळू नये आणि आरशात हसून पाहण्यावर भागवू नये.

बोलून पाहणे ही सर्वात स्वस्त तपासणी. साठपासून सत्तरपर्यंत मोठ्याने मोजावे. या आकड्यांत ‘स’ आणि ‘ष्ट’ भरपूर येतात. ‘स’ म्हणताना वरचे-खालचे दात अगदी जवळ येतात, पण आपटायला नकोत. कासा, सायवन, आशागड ही गावांची नावेही चालतील. ‘व’साठी वाणगाव, वाढवण म्हणून पाहावे. वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या काठाला हलकी लागली, तर पुढचे दात जागेवर आहेत.

कामाची माहिती आपणहून द्यावी, कारण ती कोणी विचारेलच असे नाही. तारपा वाजवणाऱ्याला ओठांची पकड लागते आणि ओठांना आधार पुढच्या दातांचा असतो. दात थोडे आत-बाहेर झाले तरी फुंकीत फरक पडतो. वारली लग्नात गाणी म्हणणाऱ्या धवलेरीला शब्द स्पष्ट हवेत. अशा वेळी जुना, दात दिसणारा फोटो नेल्यास उपयोग होतो.

फेऱ्या किती?

दोन मापे, जबड्याची नोंद, ट्रायल आणि कवळी देणे अशा साधारण पाच फेऱ्या होतात. शिवाय पुढची दुरुस्ती. तलासरी महामार्गावर आहे, गावात रेल्वे नाही. डहाणूहून चर्चगेट सुमारे सव्वाशे किलोमीटर. २०१३ पासून डहाणू लोकल सुरू असली, तरी मुंबईच्या नायर किंवा शासकीय दंत महाविद्यालयात जायचे तर प्रत्येक फेरीला पूर्ण दिवस मोडतो. त्यामुळे आधी डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय किंवा तलासरीचे ग्रामीण रुग्णालय येथे चौकशी करणे सोयीचे. केंद्राच्या २०१७ मधील राष्ट्रीय वयोश्री योजनेत ६० वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना मोफत द्यायच्या साधनांत कवळीचाही समावेश आहे. शिबिरातून कवळी मिळणार असेल तर ‘मेणातली ट्रायल कधी?’ हा प्रश्न माप देतानाच विचारावा.

भातलावणीच्या दिवसांत किंवा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायच्या तोंडावर माप देऊ नये. मधली एखादी फेरी चुकते आणि ती बहुधा ट्रायलचीच किंवा दुरुस्तीची असते.

घरी आणल्यावर

कवळीने नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढाच जोर लावता येतो. सुरुवातीला मऊ भात, कालवणात कुस्करलेली नाचणीची भाकरी, पिकलेला चिकू. घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावावा. पुढच्या दातांनी भाकरी तोडली किंवा सुका बोंबील ओढला की मागची कड सुटते. ते कवळीचे दुखणे नव्हे, वापराची चूक आहे.

टोचत असेल तर घरी कानस लावू नये, तुटली तर झटपट चिकटणारा गोंदही नको. डॉक्टर दातांत रंगीत कागद धरून चावायला लावतात, ठळक डाग उठेल तेवढाच भाग घासतात. तपासणीला जाण्यापूर्वी किमान काही तास कवळी तोंडात असावी, म्हणजे हिरडीवरची लाल खूण दिसते आणि नेमके कुठे घासायचे ते कळते. कवळी काढून ठेवल्यावरही दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, विशेषतः तंबाखू किंवा मिश्रीची सवय असलेल्यांना, तर ती कवळीमुळेच आहे असे धरून न चालता लगेच तपासून घ्यावी.