नागपूर नावाचे बंदर

नागपूर आणि चंद्रपूर ही समुद्रकाठची बंदरे आहेत असे कोणी म्हटले, तर वाचक हसतील आणि त्याला शाळेतले भूगोलाचे पुस्तक पुन्हा उघडावयास सांगतील. पण कोकणच्या जुन्या ताम्रपटांत ही दोन्ही नावे स्वच्छ कोरलेली आहेत. शके 1016, म्हणजे इ. स. 1094 च्या एका ताम्रपटात ठाणे, सोपारे आणि चौल यांच्या पंक्तीला ‘नागपूर’ हे बंदर बसले आहे. शके 930, म्हणजे इ. स. 1008 च्या दुसऱ्या पटात जहाजांवरील कराचा प्रश्न निघतो, तेथे ‘चंद्रपूर’ येते. ही आपली वैदर्भीय नगरे अर्थातच नव्हेत. ते नागपूर म्हणजे अलिबागजवळचे नागाव किंवा खाडीवरचे नागोठणे असावे असे जाणकारांनी सुचविले आहे, आणि ते चंद्रपूर म्हणजे गोव्यातले चांदोर.

खरी गंमत तर पुढेच आहे. समुद्रकाठच्या या नागपुराचा वृत्तान्त ज्या ग्रंथात नीट संपादून छापला गेला, तो ग्रंथ सिद्ध झाला आपल्या या बिनसमुद्राच्या नागपुरात!

कुवळ्याचा मुलगा

महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचे नाव विदर्भात कोणाला ठाऊक नाही? वाकाटकांचा इतिहास म्हटला की त्यांचे नाव ओठांवर येतेच. पण ते मूळचे कोकणचे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. 1893 साली त्यांचा जन्म झाला तो कुवळे या गावी. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. 1919 साली ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले आणि नागपूरकरच झाले. 1985 साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्या संशोधनाची बैठक मोडली नाही.

भारतातील कोरीव लेखांची जी मोठी ग्रंथमाला पुरातत्त्व खात्याने काढली, तिचे तीन खंड एकट्या मिराशींच्या हातचे आहेत: कलचुरींचा 1955 चा, वाकाटकांचा 1963 चा आणि शिलाहारांचा 1977 चा. तिसरा खंड निघाला तेव्हा त्यांचे वय 84 होते. त्याआधी, 1974 साली, शिलाहारांवरचा त्यांचा मराठी ग्रंथ विदर्भ संशोधन मंडळाने नागपुरातच प्रसिद्ध केला होता. शिलाहार म्हणजे आठव्या-नवव्या शतकापासून पुढे चारशे-साडेचारशे वर्षे कोकणच्या किनाऱ्यावर नांदलेले राजकुल. तेव्हा कोकणच्या देवाधर्माचा इतिहास ज्याला शोधावयाचा आहे, त्याला नागपूरची वाट चुकवून चालत नाही.

बाणाची कथा आणि तेलाचा हिशेब

कोकणात कोणालाही विचारा, ही भूमी कोणाची? उत्तर तयार असते: परशुरामाची. त्याने बाण मारून समुद्र मागे हटविला आणि ही चिंचोळी पट्टी वर काढली. कथा सुंदर आहे, आणि समुद्राशी रोज झुंजणाऱ्या माणसांनी ती जिवाशी जपावी हेही योग्यच आहे. परंतु इतिहासाचे प्रश्न निराळे असतात. अमुक देवळात दिवा कोणी लावला? त्याला तेल कोणी पुरविले? पुजाऱ्याचे पोट कशावर भरत होते? या प्रश्नांना पुराणे उत्तर देत नाहीत. ताम्रपट देतात, कारण ताम्रपट म्हणजे शेवटी दानाचा दस्तऐवज!

हे दस्तऐवज वाचणे हे मात्र सोपे काम नव्हे. शिळेवरचा लेख असेल तर दगड धुवावयाचा, त्यावर ओला कागद बसवावयाचा, कुंचल्याने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवावयाचा आणि वरून शाई फिरवून ठसा घ्यावयाचा. मग अक्षरे लावावयाची. तिथी आणि वार दिला असेल तर गणित करून तो जुळतो की नाही ते पाहावयाचे. न जुळला तर पट बनावट आहे की काय, ही शंका घ्यावयाची. शेवटी दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा घेऊन नकाशावर ती गावे धुंडाळावयाची. पूर्वेला हे गाव, पश्चिमेला ती नदी. हजार वर्षांत नावे झिजलेली असतात, पण शेजार बहुधा तोच असतो. असे एकेक गाव सापडले म्हणजे त्या दानामागचा देव नकाशावर आपल्या जागी बसतो.

जहाजावर देवाचा कर

वर सांगितलेला 1008 चा पट खारेपाटणला सापडला. तो प्रथम वाचून प्रसिद्ध केला कोणी? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी! बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे आणि मिराशी कुवळ्याचे, दोघेही देवगडच्या मुलखातले. मधल्या काळात कीलहॉर्न या जर्मन पंडितांनी त्याची नवी आवृत्ती काढली. एकाच जुन्या तांब्यावर तीन पिढ्यांनी डोळे ताणले, तेव्हा कुठे तो आज आपल्याला सरळ वाचता येतो.

दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने अव्वेश्वर नावाच्या शिवमंदिरासाठी दिलेले ते दान आहे. देवाची पूजा, देवळाची डागडुजी आणि तपस्वी-विद्यार्थ्यांचे अन्नवस्त्र अशी त्याची वाटणी आहे. त्यात तीन गावे आहेत, तेली-माळी-कुंभार आहेत, आणि याखेरीज परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजावर एक गद्याण सोने आहे! अमुक एका बंदराहून येणाऱ्या जहाजांवर धरणभर सोने आहे, आणि चौल व चंद्रपूर यांना त्यातून सूट आहे. किनाऱ्यावरचा देव नुसता शेतीवर जगत नव्हता, तो समुद्रावर जगत होता. वारा फिरला, जहाज आले नाही, की गाभाऱ्यातल्या दिव्यालाही त्याची झळ लागत असली पाहिजे.

आणि हे दान हाती घेणारा आचार्य कोण? मत्तमयूर नावाच्या शैव परंपरेच्या कर्करोणी शाखेचा. या परंपरेचे मोठमोठे मठ होते ते आजच्या मध्य प्रदेशात. जबलपूरजवळच्या त्रिपुरीच्या कलचुरी राजांनी या आचार्यांना गुरू केले होते आणि गुर्गी, बिल्हारी, चंद्रेहे येथील लेखांत त्यांची वर्णने आहेत. जबलपुराकडून निघालेली शैवांची वाट खारेपाटणच्या खाडीपर्यंत गेली होती तर! या वाटेच्या दोन्ही टोकांचे लेख एकाच माणसाने संपादले आणि ते नागपुरात बसून संपादले, याला केवळ योगायोग म्हणवत नाही. मध्यभागी बसलेल्याला दोन्ही टोके दिसतात, एवढे तरी खरे.

देवीचा मठ आणि ताजिक अधिकारी

आता किनाऱ्याने उत्तरेस जाऊ. डहाणूजवळच्या चिंचणी येथे 1955 साली काही ताम्रपट सापडले आणि दिनेशचंद्र सरकार यांनी ते प्रसिद्ध केले. त्यांतला शके 848, म्हणजे इ. स. 926 चा पट वाचताना मोठमोठे पंडितही थबकतात.

संजाणच्या मुलखावर राष्ट्रकूट सम्राटाने नेमलेला अधिकारी ‘ताजिक’, म्हणजे अरब होता. पटात त्याचे नाव ‘मधुमति’ असे संस्कृतात घातले आहे. ते ‘मुहम्मद’ या नावाचे रूप होय. या अधिकाऱ्याने नदीवर फुकट तरी चालविल्या आणि अन्नसत्र घातले. त्या सत्रात भात, कालवण आणि तूप मिळत असे. आणि संजाणात भगवतीचा जो मठ उभा राहिला, त्याच्या डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी व तेथील ब्राह्मणांच्या भोजनासाठी त्याने सम्राटाच्या संमतीने एक गाव आणि जमीन दिली!

म्हणून त्या काळी सर्वत्र गुण्यागोविंदाचे राज्य होते असे मात्र कोणी समजू नये. याच मठाचे शेजारच्या विष्णुमंदिराशी जागेवरून भांडण झाले. ते मंदिर भिल्लमाळच्या, म्हणजे राजस्थानातल्या भिनमाळच्या व्यापाऱ्यांचे होते. शेवटी मंदिरवाल्यांनी मठाला ठराविक द्रम्म द्यावेत असा तोडगा निघाला आणि तोही तांब्यावर कोरला गेला. देवीचे भांडण झाले ते परधर्मीयाशी नव्हे, तर शेजारच्या देवाशी आणि तेही जागेसाठी! पुढे 1034 साली याच मठाला एक तेलाचा घाणा मिळाला. देवीपुढच्या दिव्याला आणि तेथे येणाऱ्या विद्वानांच्या पायांना चोळावयास तेल मिळावे, हा हेतू.

याच सुमारास, इ. स. 916 च्या आगेमागे, मसूदी हा अरब प्रवासी चौलला येऊन गेला. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले मिळून दहा हजार मुसलमान त्या शहरात राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. राजाचे नाव तो ‘झंझ’ असे देतो. आणि शिलाहारांचे ताम्रपट सांगतात की झंझ राजाने बारा शिवालये बांधली. अरबाची वही आणि संस्कृत ताम्रपट एकाच राजाविषयी बोलतात. बारा शिवालये बांधणाऱ्याच्या बंदरात दहा हजार परदेशी धर्माची माणसे सुखाने व्यापार करतात.

बौद्धांचेही तसेच. नवव्या शतकाच्या मध्यास शिलाहार राजा कपर्दी याच्या राज्यात गौड देशाहून, म्हणजे बंगालहून आलेला एक उपासक कान्हेरीच्या भिक्षूंसाठी दान देऊन जातो. सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या धर्मलेखाचा तुकडा एकोणिसाव्या शतकात मिळाला होता. नवव्याचा तुकडा जवळच भुईगावला सापडला तो 1956 साली, म्हणजे नागपुरात दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा महान सोहळा झाला त्याच वर्षी. आणि दापोलीजवळच्या पन्हाळेकाजीची लेणी तर या साऱ्या इतिहासाची वहीच आहेत. तेथे आधी बौद्ध भिक्षू, मग वज्रयान, मग शैव आणि गाणपत्य, शेवटी नाथपंथ, असे एकाच ओढीच्या डोंगरात पंथांचे थर लागलेले आहेत. म. ना. देशपांडे यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास करून ती जगापुढे आणली.

तांब्यावर जे नाही ते

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. ताम्रपट बोलतो तो दात्याच्या तोंडाने. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही होते त्याचाच देव तांब्यावर चढला. होडी लोटणाऱ्या कोळ्याचा देव, रानातल्या वारल्याचा देव यांना सनद नव्हती आणि शिक्काही नव्हता. त्यांच्यासाठी पायांनीच हिंडावे लागते. दामोदर धर्मानंद कोसंबी असे हिंडले. कार्ल्याच्या डोंगरावर त्यांनी दाखविले की चैत्याच्या खांबांवर सोपाऱ्याहून आलेल्या दात्याचे नाव आहे, आणि त्याच चैत्याच्या दारापाशी एकवीरा आहे. तिच्या यात्रेला आजही किनाऱ्यावरचे कोळी घाट चढून येतात. दोन हजार वर्षांत पंथ बदलला, भाषा बदलली, पण समुद्रावरून डोंगरावर येणारी वाट मोडली नाही. लेख वाचणारा आणि वाट तुडविणारा, असे दोघेही असल्याखेरीज किनाऱ्याचा इतिहास पुरा होत नाही.

आणि हा इतिहास नासतो आहे. दान मोडणाराला शाप देणारे ‘गधेगाळ’ कोकणात जागोजाग आहेत. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि स्त्री, मधे अक्षरे. कुठे लाज वाटून लोकांनी ते पालथे घातले आहेत, कुठे देव समजून शेंदराने अक्षरे बुजविली आहेत, कुठे रस्ता रुंद करताना भरावात गेले आहेत. ताम्रपट तर तांब्याच्याच भावाने मोडीत जावयाचा. जमिनीत असे काही सापडले तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. पण कायद्याहून मोठी गोष्ट आहे ती जाणिवेची.

आज ‘हा किनारा कोणाचा?’ हा प्रश्न मोठ्या आवाजात विचारला जातो. ज्याचा त्याचा पक्ष ज्याची त्याची कथा पुढे करतो. त्या वेळी हा एक साक्षीदार जवळ असणे बरे, कारण त्याला कोणाची मर्जी राखावयाची नसते. तो म्हणतो, अमक्या शकात, अमक्या वारी, अमक्याने देवीच्या दिव्याला तेल दिले. देणारा अरब होता, देव दशभुजा होता की बुद्ध होता, ते लिहिले आहे तसे वाचा. मिराशींनी आयुष्यभर तेवढेच केले. लिहिले आहे तसे वाचले, आणि त्यावर आपले काही कोरले नाही.