वार्तायुद्धाचे चार घाव

शस्त्रास्त्रांचें वर्गीकरण युद्धशास्त्रानें फार पूर्वीं केलें. परंतु शत्रूच्या माहितीवर जे हल्ले होतात, त्यांचेंहि तसेंच वर्गीकरण करितां येतें, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. संगणकशास्त्रांत अशा हल्ल्यांचे चार प्रकार मानितात. संदेश म्हणजे उगमापासून ग्राहकापर्यंत वाहणारा पाट अशी कल्पना केली, म्हणजे ते सहज उमगतात. पाट फोडणें हें खंडन. त्यांतील पाणी गुपचूप वळवून घेणें हें हरण. त्यांत कांहीं कालविणें ही विकृति. आणि भलत्याच उगमाचें पाणी त्याच्या नांवानें सोडणें ही कूटरचना.

५ ऑगस्ट १९१४ रोजीं ब्रिटिश जहाजानें जर्मनीच्या समुद्रतळींच्या तारा तोडल्या, हें खंडन. त्यामुळें जर्मनीस परक्यांच्या तारांचा आश्रय करावा लागला, आणि जानेवारी १९१७ मध्यें परराष्ट्रमंत्री झिमरमन यांनीं मेक्सिकोशीं सख्य जोडण्यासाठीं धाडलेली सांकेतिक तार ब्रिटिशांच्या हातीं लागली, हें हरण. एका घावानें दुसऱ्यास वाट करून दिली ती अशी. विकृतीचें उदाहरण याहून जुनें आहे. जुलै १८७० मध्यें एम्सहून आलेल्या तारेची बिस्मार्कनें अशी कांटछाट केली कीं, साधें वृत्त अपमानासारखें भासूं लागलें. आठवडा उलटण्यापूर्वींच फ्रान्सनें युद्ध पुकारलें.

कूटरचनेचा एक धागा मात्र आपल्याच देशांतून गेला आहे. जुलै १९८३ मध्यें दिल्लीच्या ‘पेट्रियट’ पत्रांत एक निनांवी पत्र प्रसिद्ध झालें. एड्सचा विषाणु अमेरिकेनें प्रयोगशाळेंत निर्माण केला, असा त्यांत आरोप होता. ऑक्टोबर १९८५ मध्यें मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गाझेता’नें त्याच पत्राचा हवाला देऊन तो आरोप पुन्हा मांडला, आणि पुढें तो देशोदेशीं पसरला. १९९२ मध्यें रशियाच्या परदेशी हेरखात्याचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनीं त्यामागें सोव्हिएत हेरखात्याचा हात असल्याचें मान्य केलें; परंतु कबुलीनंतरहि ती समजूत पुसली गेली नाहीं.

पहिल्या तीन घावांवर पहारा ठेवणें हें तज्ज्ञांचें काम. चौथा घाव मात्र वाचकाच्या विश्वासावर पडतो, म्हणून तेथील पहारा ज्याचा त्यानेंच केला पाहिजे. आज घरोघरीं भ्रमणध्वनीवर येणारी वार्ता बहुधा एखाद्या आप्तानेंच सद्भावानें धाडलेली असते, आणि त्या सद्भावामुळेंच ती खरी वाटते. अशा वेळीं ‘ही कोणी पाठविली?’ एवढेंच न पाहतां ‘ही प्रथम कोणी सांगितली?’ असें विचारावें. उत्तरादाखल नांव मिळेना, तर ती वार्ता पुढें न धाडणेंच श्रेयस्कर.