विश्लेषण : किनाऱ्यावरच्या ‘एटीव्ही’चा गिअर जड का होतो?

पावसाळा सरला की गणपतीपुळे, मुरूड, कर्दे अशा रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यांवर जाड चाकांच्या ‘एटीव्ही’ पुन्हा धावू लागतात. दिवाळीच्या सुट्टीत कमाईचे दिवस येतात आणि नेमका तेव्हाच गाडीचा पहिला गिअर पडत नाही. मग लाथ मारून तो टाकला जातो. खरे तर अशा वेळी गिअरबॉक्स बहुधा ठणठणीत असतो. दोष क्लचमध्ये, ऑइलमध्ये किंवा बाहेरच्या जोडांत असतो. लाथेने मात्र आतला शाफ्ट वाकू शकतो आणि केबल बदलून भागणारे काम इंजिन उघडण्यावर जाते.

अडते कुठे?

भाड्याने फिरणाऱ्या लहान एटीव्हींचे इंजिन बहुतांशी मोटारसायकलच्याच धर्तीचे असते. काहींना हाताचा क्लच असतो. काहींत पायाने दांडी दाबली की क्लच आपोआप सुटतो. तो पूर्ण सुटला नाही, तर इंजिनाचा जोर गिअरवर राहतो आणि दांडी हलत नाही. चार महिने ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीत क्लच प्लेट एकमेकींना चिकटतात. खाऱ्या हवेने केबल नळीत गंजते, दांडीच्या पिनेत वाळू बसते. कोरड्या, भुसभुशीत पुळणीत सतत जोर केल्याने क्लच तापून पोलादी प्लेट वाकतात, हे वेगळेच.

दोष ओळखायचा कसा?

इंजिन बंद ठेवून, गाडी मागेपुढे ढकलत गिअर बदलून पाहावा. उभ्या गाडीत गिअरचे दाते समोरासमोर आले की चांगल्या गाडीचाही गिअर अडतो; थोडे ढकलले की तो पडतो. इंजिन बंद असताना गिअर सहज पडत असेल आणि चालू असताना जड जात असेल, तर क्लच सुटत नाही असे समजावे. हाताचा क्लच असल्यास लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल हवी. ती जास्त असेल तर केबल ताणून घ्यावी, केबल गंजलेली असेल तर बदलावी. आपोआप सुटणाऱ्या क्लचला इंजिनाच्या बाजूला समायोजनाचा स्क्रू असतो. तो गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच फिरवावा. अशा गाडीत आयडलिंग वाढलेले असले, तरी क्लच अर्धवट पकडतो. अनेक गॅरेजांत क्लच खोलला जातो आणि हा साधा स्क्रू राहून जातो!

इंजिन बंद असतानाही दांडी जड असेल, तर बाहेरचा दांडा सोडवून पाहावा. तो सोडवल्यावर दांडी मोकळी फिरली नाही, तर दोष पिनेत आहे. धुऊन ग्रीस लावले की काम होते. दांडी मोकळी आणि शाफ्ट जड असेल, तरच गिअरबॉक्सकडे वळावे.

ऑइलचा काय संबंध?

या इंजिनांत क्लच, गिअर आणि इंजिन एकाच ऑइलात चालतात. म्हणून मोटारीचे ऑइल चालत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ असा उल्लेख असलेले मोटारसायकलचे ऑइल घ्यावे. प्रमाणापेक्षा जास्त किंवा फार दाट ऑइलनेही प्लेट सुटत नाहीत. ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. लाटांतून गाडी पळवण्याची हौस इथे भोवते.

पर्यटकाला धोका कोणता?

जड गिअर जोर लावल्यावर एकदम पडतो आणि गाडी हिसका देऊन पुढे जाते. किनाऱ्यावर चालवणारा बहुतेकदा नवखा असतो, समोर मुले खेळत असतात. न्यूट्रलचा दिवा लागलेला असूनही गाडी सरकत असेल, तर ती त्या दिवशी भाड्याने देऊ नये. रोज संध्याकाळी गाडी गोड्या पाण्याने धुवावी, पण केबलच्या टोकांवर जोराचा फवारा मारू नये. धुऊन झाल्यावर तिथे तेल सोडावे.